दुसऱ्या बाजूचे कागद

[दृश्य: विमानवाहू जहाजाचा डेक, कृष्णधवल]

4 जून 1942. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळ सकाळचे 10 वाजून 20 मिनिटं. अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं सूर मारतात आणि पाहता पाहता जपानची तीन विमानवाहू जहाजं पेटतात. या क्षणाचं एक वर्णन जगभर वाचलं गेलं. जपानी विमानं बॉम्ब लावून डेकवर सज्ज होती, उड्डाणाला जेमतेम पाच मिनिटं उरली होती. हे लिहिणारा मित्सुओ फुचिदा त्याच ताफ्यातला वैमानिक अधिकारी. त्याचं लेखन 1955 मध्ये इंग्रजीत आलं आणि पुढची कित्येक दशकं पुस्तकामागून पुस्तकांनी ते तसंच उचललं.

जपानी नोंदी वेगळंच सांगत होत्या. जहाजांच्या उड्डाण-नोंदींप्रमाणे त्या वेळी डेकवर संरक्षक लढाऊ विमानांची ये-जा चालू होती. हल्ल्याला निघायची बहुतेक सगळी विमानं खाली हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या दालनातच होती. जपानच्या 102 खंडांच्या अधिकृत युद्धेतिहासातल्या, 1971 सालच्या मिडवेच्या खंडात हे छापूनही आलं होतं. यात गुप्त काहीच नव्हतं. जपानी वाचू शकणारे युद्धेतिहासकार तेवढे फार थोडे होते.

भाषेचा शिक्षक युद्धाचा इतिहास लिहायला बसतो, तेव्हा तो नेमका इथे उपयोगी पडतो.

[दृश्य: वर्गातला फळा, मग पत्रांचा गठ्ठा]

सुरुवात बहुधा लहान कामानं होते. एखाद्या घरात आघाडीवरून आलेली जुनी पत्रं असतात आणि ती वाचून देणारं कुणीतरी हवं असतं. पुढे एखाद्या रेजिमेंटच्या युद्धदैनंदिनीचा, म्हणजे तुकडीनं रोज ठेवलेल्या नोंदवहीचा अनुवाद, मग एका लढाईवरचा लेख, आणि बऱ्याच वर्षांनी पुस्तक. नोकरी सोडायची घाई करू नये. लष्करी इतिहासाच्या मानधनावर घर चालणं कठीण. पगार घर चालवतो आणि लांबलचक सुट्ट्या अभिलेखागाराच्या कामी येतात.

अभिलेखागारात गेल्यावर वाचत बसणं हा वेळेचा अपव्यय. परवानगी असेल तिथे छायाचित्रं काढायची आणि वाचन घरी करायचं. पहिलं छायाचित्र फाईलच्या वेष्टनाचं, क्रमांक स्पष्ट दिसेल असं. मग एकेक पान क्रमानं, मागची बाजू कोरी असली तरी तिच्यासकट. हा क्रम मोडला की सहा महिन्यांनी एखादं महत्त्वाचं पान हाताशी असतं, पण ते कुठल्या फाईलमधलं हे सांगता येत नाही. मग तळटीप देता येत नाही, आणि ते पान असून नसल्यासारखं होतं.

निघण्यापूर्वी काय शिल्लक आहे आणि काय नाही हेही पक्कं माहीत हवं. जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सैन्याचं पॉट्सडॅममधलं दफ्तर एप्रिल 1945 च्या हवाई हल्ल्यात जळालं. पहिल्या महायुद्धातल्या प्रशियन डिव्हिजनवर काम करणाऱ्याला मूळ कागद फारसे मिळत नाहीत. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या तुकड्यांचे मात्र म्युनिकमध्ये टिकून आहेत. ब्रिटिश बाजूच्या पहिल्या महायुद्धाच्या दैनंदिन्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विषय ठरवताना हा हिशेब आधी मांडावा लागतो.

[दृश्य: हस्तलिखिताचं पान, अगदी जवळून]

आता हे पान बघा. जुनी जर्मन वळणाची लिपी, पेन्सिलनं लिहिलेली. हिच्यात 'e' आणि 'n' ही अक्षरं जवळजवळ सारखीच दिसतात, आणि 'u' ओळखता यावा म्हणून त्याच्या डोक्यावर एक लहान कमान काढलेली असते. घाईत कमान राहून गेली की शब्दच बदलतो. अनुभवी माणूस पहिल्या ओळीपासून वाचायला जात नाही. तारीख, तास, हुद्दे असे हमखास शब्द आधी शोधायचे, त्यांतून त्या लेखनिकाच्या अक्षरांचा तक्ता करायचा, आणि मग अडलेल्या जागांकडे वळायचं. गावाचं नाव अंदाजानं भरायचं नाही. चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं, आणि नकाशावर तसं गाव सापडलं तरच प्रश्नचिन्ह काढायचं.

लिपी सुटली की खरं काम सुरू होतं, आणि ते व्याकरणाचं असतं. जर्मनमध्ये दुसऱ्याचं सांगणं कळवताना क्रियापदाचं रूप बदलतं. 'आहे' अर्थाच्या 'इस्ट'च्या जागी 'झाय' येतं. शत्रू मागे हटतो आहे, हे एक वाक्य. शत्रू मागे हटतोय म्हणे, हे दुसरं. दैनंदिनीत दुसरं असतं आणि अनुवादात पहिलं उतरतं, तेव्हा एका गस्ती तुकडीनं आणलेली ऐकीव बातमी इतिहासातलं सत्य होऊन बसते. मग लेखक त्या सेनापतीला दोष देतो, की शत्रू पळत असताना यानं पाठलाग का केला नाही! त्याला तशी खात्रीच नव्हती, हे त्या एका क्रियापदात लिहिलेलं होतं.

कर्मणी प्रयोगाचंही तसंच. 'गाव ताब्यात घेण्यात आलं' असं अहवाल सांगतो. कुणी घेतलं? वर्गात विद्यार्थ्याला 'कर्ता कोण?' विचारायची सवय इथे कामाला येते. उत्तर शेजारच्या तुकडीच्या दैनंदिनीत शोधावं लागतं, आणि पुष्कळदा दोन तुकड्या तेच गाव आपण घेतलं असं म्हणतात.

[दृश्य: अहवालाचं शीर्षक, तुकडीच्या क्रमांकावर खूण]

तुकड्यांच्या खुणांमध्ये एका चिन्हानं चूक होते. रेजिमेंटमध्ये बटालियन असतात आणि बटालियनमध्ये कंपन्या. जर्मन कागदांत बटालियन रोमन अंकात आणि कंपनी साध्या अंकात लिहितात. रोमन तीन म्हणजे तिसरी बटालियन. साधा तीन म्हणजे तिसरी कंपनी, जी पहिल्या बटालियनमध्ये असते. दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळ रेजिमेंटमध्ये 9 ते 12 क्रमांकाच्या कंपन्या तिसऱ्या बटालियनच्या, त्यामुळे क्रमांक ताडून बघता येतो. रशियनमध्ये 'दिविझिया' म्हणजे डिव्हिजन, हजारो सैनिकांचं दल, पण 'दिविझिओन' ही तोफखान्याची बटालियनएवढी तुकडी. गफलत झाली तर काही तोफांच्या जागी नकाशावर हजारो माणसं उभी राहतात.

संख्याबळाचा आकडाही कशाचा आहे ते पाहावं. शिध्याच्या यादीत स्वयंपाकी, गाडीवान, लेखनिक सगळे येतात. खंदकात बंदूक घेऊन उभे असणारे त्यातले थोडे. एका बाजूचा शिध्याचा आकडा आणि दुसऱ्या बाजूचा लढणाऱ्यांचा आकडा शेजारी ठेवून केलेली तुलना निरर्थक आहे, आणि छापील पुस्तकांत ती सर्रास आढळते.

मग वेळ. जपानी नौदल टोकियोच्या वेळेनं नोंदी ठेवायचं, म्हणून मिडवेचे 4 जूनचे 10:20 जपानी कागदात 5 जूनचे सकाळचे 7:20 होतात. 22 जून 1941 रोजी सोव्हिएत संघावरच्या हल्ल्यात जर्मन तोफा जर्मन घड्याळानं 3:15 ला सुरू झाल्या. मॉस्कोच्या घड्याळात तेव्हा 4:15 झाले होते. नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीतली बोरोदिनोची लढाई रशियन कागदांत 26 ऑगस्ट 1812 ची आहे आणि फ्रेंच कागदांत 7 सप्टेंबरची, कारण रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं. उपाय साधा पण कष्टाचा: चार रकान्यांचा तक्ता. मूळ वेळ, बदललेली वेळ, घटना, फाईल व पान. मूळ वेळेचा रकाना कधीही पुसायचा नाही. दोन्ही सैन्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात आल्या, की प्रतिहल्ला आधी झाला की माघार आधी, हा वाद कित्येकदा तिथेच मिटतो.

[दृश्य: कच्चा नकाशा, बाड]

बाड तयार झालं की नकाशे. ते शेवटी करायला घेतले की मजकुरातली निम्मी गावं नकाशावर नसतात, म्हणून प्रत्येक प्रकरणातल्या स्थळनामांची यादी नकाशाकाराला मजकुराबरोबरच द्यायची. नावांचा प्रश्न पूर्व युरोपात विशेष येतो. 1914 मध्ये ऑस्ट्रियाच्या कागदांत लेंबर्ग असलेलं शहर पोलिशमध्ये ल्वूफ, आज ल्विव्ह. त्या काळचं आणि त्या सैन्याचं नाव मजकुरात ठेवावं, आणि बाकीची दोन्ही नावं सूचीत घालून त्यांपुढे लिहावं: 'लेंबर्ग पाहा'.