किलपेकचं दार

[दक्षिणेकडचं दार. कॅमेरा अगदी जवळ.]

आधी हे दार नीट पाहा.

लाल दगड. एकात एक बसवलेल्या कमानी. कोरायचं राहून गेलं अशी जागा शोधावी लागते. साप, पक्षी, मासे, चोचवाले राक्षस, वेलींत गुरफटलेली माणसं. ११४०च्या आसपास कुणीतरी छिन्नी चालवली, आणि त्या छिन्नीची धार अजून कडांवर दिसते.

गाव किलपेक. इंग्लंडच्या पश्चिमेला हेरफर्ड नावाचं शहर आहे, तिथून नैऋत्येला चौदा-एक किलोमीटर. पलीकडे वेल्सची सीमा. चर्चचं नाव सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड. हे कॅथीड्रल नव्हे, मोठा मठही नव्हे. हे गावाचं चर्च आहे, पॅरिशचं. आजही इथे प्रार्थना होते.

[कमानीचे चिरे, एकेक करून.]

ही कमान एकसंध दगडाची नाही. पाचरीसारखे घडवलेले चिरे शेजारी शेजारी बसवून ती उभी केली आहे. चिऱ्यांचा भार एकमेकांवर आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या खांबांवर उतरतो. आता कोरीवकाम बघा. आतल्या ओळीत प्रत्येक चिऱ्यावर एक स्वतंत्र आकृती आहे. बाहेरच्या ओळीत गोल चौकटी आहेत, आणि दोन चौकटींना जोडायला मधे एक मुखवटा. नक्षीची लय आणि चिऱ्यांची लय एकच आहे. कोरणाऱ्याला बांधकाम कळत होतं, याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

दगड याच भागातला, लाल वालुकाश्म. हा दगड छिन्नीला वश होतो, पण पाणी मुरलं की त्याचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून इथे एवढं टिकलेलं बघून जाणकारही थबकतात.

[दाराच्या बाजूचे खांब, खालून वर.]

बाहेरच्या खांबांवरून सरपटणारे हे साप. तोंडात शेपूट धरलेलं. कुणी म्हणतं कात टाकणारा साप म्हणजे पुनर्जन्म, कुणी म्हणतं पाप. कोरणाऱ्यांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. डावीकडे आतल्या खांबावर दोन योद्धे आहेत, वेलींत अडकलेले, अंगात ढगळ विजारी. त्या काळच्या शिल्पांत असा पेहराव क्वचितच दिसतो. आणि दारावरच्या अर्धगोल दगडावर एक झाड. त्याला जीवनवृक्ष मानतात.

उजवीकडे खांबाच्या माथ्यावर थांबू या. एक चेहरा, आणि त्याच्या तोंडातून बाहेर पडणारी वेल. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या उंबरठ्यावरचं कीर्तिमुख ज्यांनी पाहिलंय, त्यांची नजर इथे हमखास अडकते. दोन्हींचं नातं आहे असं नाही. पण वेल ओकणारं तोंड दारापाशी असावं, असं दोन दूरच्या मुलखांतल्या पाथरवटांना वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

[गढीची टेकडी, पडक्या भिंती.]

चर्चच्या मागे मातीचा उंचवटा आणि त्यावर गढीच्या भिंतींचे अवशेष. नॉर्मन, म्हणजे फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या, सरदारांची ही गढी. ह्यू द किलपेक हा इथला धनी, आणि चर्च त्याच्याच काळात उभं राहिलं. इथलं चर्च ग्लॉस्टर शहरातल्या सेंट पीटर मठाला दान दिलं गेलं होतं.

पण कोरणारे कोण? नावं कुठेच नाहीत. आज त्यांना ‘हेरफर्डशायर शाळा’ म्हणतात. शाळा म्हणजे इमारत नव्हे, एकाच हाताच्या वळणाची कारागीर मंडळी. ईअर्डिसली आणि कॅसल फ्रोम इथल्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडांवरही हेच वळण दिसतं. याच परिसरातल्या ओलिव्हर द मेर्लिमोंद या कारभाऱ्याने शॉबडन गावात चर्च बांधलं. तो स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या यात्रेला जाऊन आला होता. त्या वाटेवरच्या चर्चच्या आठवणी इथे पोचल्या असाव्यात. त्यांत उत्तरेकडच्या वायकिंग दर्यावर्दींची गुंतागुंतीची नक्षी मिसळली, आणि स्थानिक जुनी वळणंही. कुठून काय आलं ते ओळखता येतं, पण एकत्र आल्यावर ते फक्त इथलं झालं.

[वळचण. सगळ्या बाजूंनी फिरत.]

आता मान वर करा. छपराच्या वळचणीखाली रांगेने दगडी टेकू आहेत. आज ८५ उरलेत. जॉर्ज लुईस यांनी १८४२ साली या चर्चची चित्रं प्रसिद्ध केली, त्यांत सहा जास्त होते.

हा कुत्रा आणि ससा, गाल एकमेकांना टेकवून. हा सारंगीसारखं वाद्य वाजवणारा. हे कोकरू, क्रूस घेतलेलं, पण अंगाने घोड्यासारखं. आणि ही बाई, दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी. तिला शीला-ना-गिग म्हणतात. वासनेचा धिक्कार, दृष्ट काढणं, प्रसूतीचं बळ, असे तिचे अनेक अर्थ लावले जातात. देवाच्या घराच्या भिंतीवर ती होती. एवढं नक्की.

[पश्चिम भिंत.]

पश्चिमेला मगरीसारखी तोंडं भिंतीतून बाहेर झेपावतात. आ वासलेला, जीभ आत वळलेली. दगड इतका बाहेर काढून एवढी बारीक जीभ कोरायची आणि ती मोडू द्यायची नाही, हे सोपं काम नाही.

[आत.]

आत तीन दालनं, एकापुढे एक. लोकांनी बसायचं दालन, मग वेदीकडचं, मग शेवटी अर्धवर्तुळ. मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन संत, एकाच्या डोक्यावर एक उभे. किल्ली घेतलेले पीटर त्यांतलेच. अर्धवर्तुळाच्या छताला नागमोडी नक्षीच्या दगडी पट्ट्या, आणि त्या जिथे एकत्र येतात तिथे जनावरांची तोंडं.

[शॉबडनच्या कमानी, टेकडीवर.]

हे शॉबडन. तीच शाळा, तोच काळ. अठराव्या शतकाच्या मध्यात तिथलं जुनं चर्च पाडलं, आणि कोरीव कमानी टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या. वर छप्पर नाही, मागे भिंत नाही. आज चेहरे ओळखू येत नाहीत.

[पुन्हा किलपेक. दारावरची पट्टी.]

किलपेकच्या दारावर बराच काळ लाकडी पडवी होती. कोरीवकाम दिसावं म्हणून एकोणिसाव्या शतकात ती काढली. पुढे विसाव्या शतकात कमानीच्या वर ही अरुंद पट्टी बसवली. भिंतीवरून ओघळणारं पाणी ती कोरीवकामापासून दूर टाकते. इमारत ‘ग्रेड वन’ यादीत आहे, म्हणजे इंग्लंडमधला संरक्षणाचा सर्वांत वरचा दर्जा. दुरुस्ती करायची तर चर्चच्या व्यवस्थेकडून रीतसर परवानगी घ्यावी लागते. आणि चिरे ज्या भिंतीसाठी घडवले, त्याच भिंतीत आहेत.