मखर, दिवाण आणि बंड्या

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही. एका म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरबरोबर राहणारा निवृत्त माणूस आहे, तेव्हा बोलणं तेवढ्यापुरतंच.

आमचा बंड्या आता १३ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही हॉलमधला दिवाण सरकवला आणि तिथे मखराचं टेबल मांडलं. संध्याकाळी बंड्या नेहमीच्या झोकात आत आला आणि धाडकन टेबलावर आदळला. मागे सरला, डोकं झटकलं, पुन्हा त्याच रेषेत निघाला आणि पुन्हा आदळला. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. याला दिसत नाहीये, आणि हे आजचंही नाही. घर पाठ होतं त्याला. तो पाठांतरावर चालत होता आणि आम्हाला वाटत होतं, बघून चालतोय.

खुणा होत्या हो. वर्षभर तो रात्री जिन्याशी थबकायचा, अंधारात अंगणात जायला कुरकुर करायचा. आम्ही म्हणायचो, आळशी झालाय. दिवसा ठणठणीत, म्हणून संशयच आला नाही.

शेजारी म्हणाले, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करून टाका. इथे जरा थांबतो, कारण हा घोळ बऱ्याच घरांत होतो. साधारण सात वर्षांनंतर कुत्र्याच्या डोळ्यात निळसर झाक येते. भिंगात जन्मभर नवे तंतू तयार होत राहतात आणि मधला भाग दाटत जातो, त्याची ती झाक. तेवढ्याने फारसं काही अडत नाही. मोतीबिंदू वेगळा. त्यात भिंग पांढरट, अपारदर्शक होतं. मधुमेह असलेल्या कुत्र्यात तर फार झपाट्याने. त्याचं ऑपरेशन होतं, पण आधी मागचा पडदा जिवंत आहे ना, हे तपासतात. बंड्याचा पडदाच झिजला होता. हा आनुवंशिक आजार लॅब्रॅडॉरमध्ये आढळतो. अंधारात बघणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून रात्र आधी जाते, दिवस नंतर. यावर औषध नाही. दुखत मात्र नाही. काचबिंदू दुखतो. डोळा लाल झाला, कुत्रा तो मिटून घेतोय असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका.

मग आम्ही दिवाण जागेवर आणला, तो आजवर हललेला नाही. आमच्या हिला दर दिवाळीला घराची मांडणी बदलायची हौस. ती हौस तिने गुंडाळून ठेवली, हे मी इथे जाहीरपणे कबूल करतो. जिन्याच्या वर आणि खाली काथ्याची पायपुसणी टाकली. पंजाला खरखर लागली की पायरी आली, हे त्याला चार दिवसांत कळलं. ‘पायरी’ हा शब्दही शिकला. पाण्याचं भांडं कधी हलवत नाही. झोपला असेल तर आधी हाक, मग हात. एकदा नातवाने नुसता हात लावला, तर दचकून त्याच्यावर गुरगुरला. उचलून घेतलं तर खाली ठेवायचं ते भांड्यापाशीच, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळतं.

बाहेर मात्र अवघड जातं. समोरच्या कुत्र्याची शेपटी, कान त्याला दिसत नाहीत, त्यामुळे गल्लीतल्या कुत्र्यांशी उगाच वाकडं येतं. आता पट्टा आखूड धरतो, रस्ता रोजचा तोच. त्याला हवं तितकं हुंगू देतो. पूर्वी मी ओढायचो, चल म्हणून. एका खांबापाशी पाच पाच मिनिटं जातात. जाऊ देत, मला तरी कुठे ऑफिस आहे?

सुरुवातीला आम्ही दोघं फार हळहळलो. हा मात्र हिच्या बांगड्या वाजल्या की स्वयंपाकघरात हजर. पोळी खाली पडायच्या आत!

यंदा मखर आतल्या खोलीत मांडलं. आरतीला वीसेक माणसं आली आणि दाराशी चपलांचा ढीग लागला. ती जागा बंड्याच्या पाठांतरात नव्हती. अडखळला, मग एकेक चप्पल हुंगत बसला आणि शेवटी त्या ढिगावरच आडवा झाला. प्रसाद घेऊन निघालेल्या पाहुण्यांना आपापल्या चपला त्याच्या पोटाखालून ओढून काढाव्या लागल्या.