मोरपिसातली जाळी आणि चिपवरची भोकं

हे मोरपीस बघा, मधे गडद निळा, त्याला लागून हिरवा, कडेला पिवळसर. गंमत म्हणजे यात निळा रंग असा कुठे नाहीच. पीस कुटून पूड केलीत तर हाताला तपकिरी भुकटी लागेल, कारण आत आहे मेलॅनिन, आपल्या केसांत असतं तेच. पण त्या मेलॅनिनच्या अतिशय बारीक काड्या जाळीसारख्या रचलेल्या आहेत, आणि दोन काड्यांमधलं अंतर निळ्या भागात साधारण १४० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. बस. माल तोच, अंतर तेवढं बदललं.

अशी ठराविक अंतराची जाळी म्हणजे फोटॉनिक क्रिस्टल. १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की जाळी नीट जमवली तर काही तरंगलांबींचा (म्हणजे ढोबळमानाने काही रंगांचा) प्रकाश तिच्यात कुठल्याच दिशेने शिरू शकत नाही. तरंगलांबींच्या या बंदी असलेल्या पट्ट्याला बँड गॅप म्हणतात. न शिरलेला प्रकाश मागे फिरतो, मोरपिसात तोच रंग म्हणून दिसतो.

आता याचा उपयोग काय? तर ऑप्टिकल फायबरच्या एकाच धाग्यातून डझनावारी चॅनेल एकदम पळत असतात, प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी, पण सगळ्या १५५० नॅनोमीटरच्या आसपास, आणि दोन चॅनेलमधे फरक बऱ्याचदा फक्त ०.८ नॅनोमीटरचा. पलीकडच्या टोकाला ते सुटे करायचे. प्रिझमनं होईल की, पण इतके जवळचे किरण एकमेकांपासून लांब जाईपर्यंत भरपूर जागा लागते आणि चिपवर जागेचीच तर बोंब असते.

मग सिलिकॉनचा पातळ पापुद्रा घ्यायचा, त्यात हारीने गोल भोकं पाडायची, आणि एक अख्खी रांग मुद्दाम सोडून द्यायची. आजूबाजूच्या जाळीत प्रकाशाला मज्जाव, म्हणजे तो या मोकळ्या रांगेतूनच जाणार, झाला रस्ता तयार. आता रस्त्यापासून थोडं बाजूला आणखी तीन भोकं गाळायची. ही झाली खोली. या खोलीत एकच तरंगलांबी नीट मावते, त्यामुळे रस्त्याने सगळी गर्दी चाललेली असताना तेवढीच आत ओढली जाते आणि तिथून बाहेर काढता येते, बाकीच्या सरळ पुढे.

दुसरं चॅनेल पकडायचंय? तर सगळी जाळी किंचित आवळायची. किंचित म्हणजे किती, तर जपानमधे क्योटो विद्यापीठातल्या सुसुमु नोदा यांच्या ग्रुपने २००३ मधे भोकांमधलं ४२० च्या आसपास असलेलं अंतर एकेका टप्प्याला १.२५ नॅनोमीटरने बदललं, आणि प्रत्येक खोली साधारण ५ नॅनोमीटर बाजूची तरंगलांबी पकडायला लागली. १.२५ नॅनोमीटर म्हणजे सिलिकॉनचे पाचेक अणू ओळीने ठेवल्यावर भरेल एवढी लांबी! मोराचं काम तर दहा-पंधरा नॅनोमीटरच्या फरकावर भागतं.

एक कटकट मात्र आहे. सिलिकॉन एक डिग्री तापलं की खोलीची तरंगलांबी साधारण ०.०८ नॅनोमीटरने सरकते, म्हणजे दहा डिग्रीत ०.८, थोडक्यात शेजारच्या चॅनेलच्या घरात. म्हणून एवढं अणू मोजून कोरीवकाम केल्यावर शेवटी खोलीशेजारी एक पिटुकला हीटर बसवतात आणि तिला शेकत शेकत जागेवर धरून ठेवतात.