किल्लारीच्या संवाद सहायक

श्रोतेहो, नमस्कार.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून मराठवाड्यातली गावं नुकतीच निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हादरली आणि सुमारे ८ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. पाणी गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढत गेलेले. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. त्या अंधारात पहिले हात लागले ते शेजाऱ्यांचे. लष्कर, डॉक्टर, संस्था सगळे आले आणि त्यांनी मोठं काम केलं, पण ते पोचेपर्यंतचे तास गावानंच निभावले.

मला आज बोलायचं आहे ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल. ढिगाऱ्याखालून माणसं काढणाऱ्या गावाला पुढं आपण काय मानतो? बहुतेक वेळा लाभार्थी. रांगेत उभं राहायचं, पंचनाम्यावर सही करायची, यादीत नाव आलं का ते बघायचं.

जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथं घर किती मोठं मिळणार, हे जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, आणि सात हेक्टरांहून जास्त असणाऱ्याला ७५०. घरात खाणारी तोंडं किती, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. गाव ठरवायला बसलं असतं, तर हा प्रश्न पहिल्या दिवशी निघाला असता, असं मला मनापासून वाटतं.

पण त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजू आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते. ज्या गावांत घरं पुरती कोसळली नव्हती, तिथं आहे त्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं ठरलं. अशी गावं हजारावर होती. पैसे टप्प्याटप्प्यानं घरमालकाच्या हाती, गवंडी त्यानं लावायचा, देखरेखीला सरकारी इंजिनिअर. लोकांचा मात्र दगडावरचा विश्वासच उडालेला. ज्या भिंतीनं घरातलं माणूस नेलं, तीच भिंत पुन्हा कशी उभी करायची? सगळ्यांना सिमेंटचा स्लॅब हवा होता. कागदावरच्या सूचना त्या भीतीपुढं कशा टिकणार?

इथं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था आणि तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन यांचा त्यामागं मोठा वाटा. प्रेमाताई २०२२ साली गेल्या. या बायका बांधकामातलं शिकल्या. माळवदावरची माती का उतरवायची, भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठं हवा, लाकडी खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरका टेकू का द्यायचा. शिकल्या आणि घरोघर जाऊन सांगू लागल्या. कुणाचा हप्ता अडकला, गवंडी कुठं घाई करतोय, इंजिनिअर गावात कधी येणार, हे सगळं त्यांच्याकडं येऊ लागलं. पुरुषांच्या बैठकीत डोक्यावरचा पदर सावरत मागं उभी राहणारी बाई सिमेंट आणि वाळूच्या प्रमाणावर बोलू लागली.

ही जबाबदारी सरकारनं नेमून दिलेली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं ‘गावानं सहकार्य करावं’ असं आवाहन करून हे घडलं नसतं. काम नेमलेलं होतं, म्हणून इंजिनिअरला त्यांचं ऐकून घ्यावं लागलं.

पुढं २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथं गेल्या. भाषा वेगळी, तरी घर गेलेल्या बाईला घर गेलेली बाई सांगत होती, बांधकामावर लक्ष तुम्हीच ठेवा, माहिती तुम्हीच मिळवा. किल्लारीत वेळ आणि दुःख मोजून मिळालेलं ज्ञान कच्छला आयतं पोचलं. आणि बचत गटांत बांधलेलं हेच जाळं पुढं मराठवाड्याच्या दुष्काळात उपयोगी पडलं. घरच्या शेतातला एखादा एकर मागून घेऊन तिथं डाळी, भाज्या, बाजरी पिकवणाऱ्या बायका याच भागातल्या.

आता नियमांकडं बघा. आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा प्राधिकरणं आहेत, जिल्ह्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. गावाच्या पातळीवर असं प्राधिकरण नाही. जगाच्या पातळीवरही तेच. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या मानवतावादी शिखर परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी ठरवलं, २०२० पर्यंत मदतनिधीचा चौथा हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना द्यायचा. ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. कारण सांगतात की स्थानिकांकडं हिशेबाची व्यवस्था नसते. संवाद सहायकांकडं तरी पहिल्या दिवशी काय होतं? काम सोपवलं, शिकवलं, विश्वास टाकला, मग क्षमता आली.

माझी एक विनंती आहे. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा होईल, तेव्हा आपत्तीचा विषय घ्यायला लावा. पूर आला, आग लागली, जमीन हादरली, तर पहिल्या रात्री कोण काय करणार, ते नावानिशी लिहून घ्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं, अंथरुणाला खिळलेले आजारी, दिवस भरत आलेल्या बायका, हे कुणाला ठाऊक आहे ते विचारा. बहुधा आशाताई आणि अंगणवाडीताई हात वर करतील. त्यांची नावं यादीत वर घाला. आणि खर्चासाठी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात थोडी रक्कम आधीच राखून ठेवा, म्हणजे त्या रात्री दोर, बॅटऱ्या आणि औषधं घ्यायला कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागणार नाही.

नमस्कार.