इंग्रजी आठच्या वाटेवर

गच्चीवरच्या डिशची दिशा एकदा बघून नट आवळला, की ती वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या ३५,७८६ किलोमीटर वर, पृथ्वीच्याच चालीनं फिरतो; आपल्याला तो खिळल्यासारखा दिसतो.

मग रडारही तिथंच का ठेवू नये? ढग असोत, काळोख असो, एकाच प्रदेशावर सतत नजर राहील. आपला निसार, म्हणजे इस्रो आणि नासाचा रडार उपग्रह, ७४७ किलोमीटरवरून जातो आणि त्याच वाटेनं परत यायला १२ दिवस घेतो. दरड तेवढं थांबत नाही.

अडचण अशी, की खिळलेल्या रडारला स्पष्ट चित्र काढता येत नाही. सिंथेटिक अपर्चर रडार चालता चालता लहरी सोडतं, परतलेले प्रतिध्वनी साठवतं आणि ते जुळवून वाटेएवढा लांब अँटेना असल्यासारखं काम करतं. वाटच नसेल, तर हा अँटेना बनणार कशाचा?

म्हणून कक्षा मुद्दाम तिरकी ठेवायची. फेरी तीच, २३ तास ५६ मिनिटांची. पण जमिनीवरून पाहिलं तर उपग्रह इंग्रजी आठचा आकडा गिरवत असतो. अभियंते कियो टोमियासू यांनी अशा भूसमकालिक, म्हणजे पृथ्वीच्याच चालीनं फिरणाऱ्या, रडारची कल्पना १९७८ मध्येच मांडली होती. प्रत्यक्षात असा पहिला उपग्रह, चीनचा लुदी तांत्से-४, उडाला १३ ऑगस्ट २०२३ रोजी. मधली ४५ वर्षं का गेली, याचं एक मोठं कारण अंतर. प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घातानं क्षीण होतो. पन्नासपट दूर गेलात, तर साठ लाख पटींहून अधिक.

आता त्या आठाकडे नीट बघा. कक्षेचा विषुववृत्ताशी कल १६ अंशांचा धरला, तर विषुववृत्त ओलांडताना उपग्रहाचा जमिनीच्या तुलनेतला वेग सेकंदाला सुमारे ८५० मीटर असतो. टोकांशी तो १२० वर येतो. तिथं तेवढीच वाट कापायला सातपट वेळ लागतो आणि तोवर वरची हवा बदलते, चित्र फिसकटतं. कल वाढवला तर वेग वाढतो, पण उपग्रह आपल्या प्रदेशापासून लांब भटकतो. कक्षा किंचित लंबगोल केली, तर आठ उलगडून अंडाकृती होतो आणि टोकांशीही चाल टिकते. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

शेवटी रेखांश. उपग्रह नेमका आपल्या दक्षिणेला ठेवला, तर त्याचं उत्तर-दक्षिण धावणं आपल्याच रोखानं होतं आणि वाया जातं. रडारला आडवी चाल लागते. म्हणून जो डोंगर बघायचा, त्याच्या थोडं पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकून उभं राहायचं.