मागचं ओझं, पुढचं चाक

मंडळी, तुमच्यातले बरेच जण येत्या सुट्टीत लांब निघणार आहेत, कुणी लडाखला तर कुणी कन्याकुमारीला, असं आयोजकांनी सांगितलं. म्हणून आत येताना बाहेर लावलेल्या तुमच्या मोटारसायकली जरा निरखून पाहिल्या. गाड्या वेगवेगळ्या, पण सामान सगळ्यांचं एकाच जागी. सीटच्या मागे कॅरिअर, कॅरिअरवर बॉक्स, बॉक्सवर तंबूची गुंडाळी. आज मी जे काही बोलणार आहे ते एवढ्यावरच आहे. सामान तुम्ही मागे ठेवता, पण त्याची किंमत पुढचं चाक मोजतं.

माझी नोकरी वाळूजमध्ये शॉकअपच्या कामात गेली. इथे कुणाला वाळूज समजावून सांगायची गरज नाही. १९८५ साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मागोमाग सुटे भाग करणारे आले. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घराघरात कुणीतरी गाडीचा एखादा भाग बनवणारा सापडतो. पण गाडी बनवणाऱ्या गावालासुद्धा गाडी लादायची कशी, हे कुणी नीट शिकवलेलं नाही.

आधी एक साधा हिशोब करू. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १३५ सेंटिमीटर धरा. १० किलोची बॅग मागच्या आसाच्याही मागे ४० सेंटिमीटरवर ठेवली. मागच्या चाकावर किती वजन वाढलं? १० नाही, १३ किलो. मग जास्तीचे ३ किलो आले कुठून? पुढच्या चाकावरून उचलले गेले. मागचा आस हा टेकू झाला आणि तुमची बॅग पुढचं चाक वर उचलायला लागली. बॅग २५ किलोची असेल तर पुढून सात-साडेसात किलो गेले. तुम्ही म्हणाल, सातच ना? सव्वाशे सीसीची गाडी स्वारासकट १९० किलोच्या घरात असते आणि त्यातले पुढच्या चाकावर जेमतेम ७५-८०. म्हणजे जवळपास दहावा हिस्सा गेला. त्यात घाटाचा चढ, त्यात अ‍ॅक्सिलरेटर ओढलेला, त्यात समोरून वारा. ही तिन्ही कारणंही पुढच्याच चाकावरचं वजन कमी करतात. आणि वळायचं काम मात्र त्याच चाकाला करायचं असतं.

आता आपल्याकडचा दूधवाला बघा. पहाटे खेड्यातून जालन्याला किंवा बीडला येतो तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लटकलेले असतात. नुसत्या दुधाचेच ८० किलोंहून जास्त होतात. तरी तो खड्डे चुकवत, एका हातानं रामराम घालत निघून जातो. कारण त्याचं वजन सीटच्या पातळीखाली आहे आणि मागच्या आसाच्या आसपास आहे, मागे लोंबत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी टाकीवर आडवी टाकून जाणारा शेतकरीही नकळत तेच करतो, वजन दोन चाकांच्या मध्ये ठेवतो. त्या गोणीनं हँडल नीट वळत नाही आणि ब्रेकवर ताण येतो, म्हणून तसं करा असं मी म्हणत नाही. पण टूरवाल्याच्या वीस किलोच्या बॉक्सपेक्षा दूधवाल्याचे ऐंशी किलो गाडीला कमी त्रास देतात, हे मान्य करावं लागतं. फक्त कॅन अर्धे रिकामे असले की दूध आत डचमळतं आणि गाडी हेलकावे खाते. तुमच्या पाण्याच्या कॅनलाही हेच लागू आहे. भरलेला ठेवा नाहीतर रिकामा.

दुसरी गोष्ट अंतराची. गाडी आडवी हलायला लागली की तिला थांबवणं किती कठीण, हे वजन गुरुत्वमध्यापासून किती लांब आहे त्यावर ठरतं आणि ते अंतराच्या वर्गानं वाढतं. ४० सेंटिमीटरवरचे पाच किलो ८० सेंटिमीटरवर नेले तर त्रास दुप्पट नाही, चौपट. म्हणून कॅरिअर मागे चार बोटं वाढवून वेल्डिंग करून घेणारे दिसले की मला राहवत नाही. लांब कॅरिअर सोयीचं असतं, मान्य आहे. पण ती चार बोटं फार महाग पडतात. शिवाय ते कॅरिअर ज्या नळ्यांवर उभं असतं त्या डबलसीट माणसासाठी असतात, त्यांच्याही मागे लोंबणाऱ्या वजनासाठी नव्हे. वेल्डिंगपाशी तडा जातो तो याच कारणानं.

उंचीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. वजन उंच असलं की गाडी लगेच पडते, असं सगळे सांगतात. चालत्या गाडीला हे तितकंसं खरं नाही. तळहातावर पेन्सिल तोलण्यापेक्षा लांब काठी तोलणं सोपं जातं, कारण ती सावकाश कलते. उंच वजन नडतं ते दुसरीकडे. सिग्नलला पाय टेकताना, वाळूत, घाटातल्या आखूड वळणावर, म्हणजे गाडी जवळजवळ थांबलेली असताना आणि तिला तुमचे पायच सांभाळत असताना. आणि दुसरं ब्रेक मारताना. गुरुत्वमध्य जितका वर, तितकं ब्रेकला जास्त वजन पुढे धावतं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं. म्हणजे एकच बॉक्स गॅस ओढल्यावर पुढचं चाक हलकं करतो आणि ब्रेक दाबल्यावर मागचं.

आता या सगळ्यात भीतीदायक काय, ते सांगतो. १९७१ साली इंग्लंडमधल्या रॉबिन शार्प या अभियंत्यानं मोटारसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडलं. त्यात गाडी डोलण्याचे जे प्रकार येतात त्यातले दोन तुमच्या कामाचे. एक वॉबल. यात फक्त हँडल थरथरतं, सेकंदाला सात-आठ वेळा किंवा त्याहूनही जास्त. बहुतेकदा ताशी ६० ते ८० च्या दरम्यान, गॅस सोडून गाडी आपोआप हळू होत असताना आणि हात हँडलवर सैल असताना. मागे बॉक्स भरलेला असला की हे जास्त जाणवतं. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला असला की आणखी जास्त, म्हणून निघण्यापूर्वी तो बघून घ्या. दुसरा प्रकार वीव्ह. यात अख्खी गाडी नागमोडी लहरते, सेकंदाला दोन ते चार हेलकावे. वॉबलला हातानं थोडा आवर घालता येतो, वीव्हला नाही. वेग वाढला की वीव्ह वाढतो आणि मागे-उंच ठेवलेलं सामान त्याला खतपाणी घालतं. काही बॉक्सवर १० किलोची मर्यादा आणि ताशी १२० च्या पुढे नेऊ नका अशी सूचना असते, ती प्लास्टिक फुटेल म्हणून नव्हे.

लहर सुरू झाली तर काय करायचं, ते आत्ताच डोक्यात बसवा, कारण तेव्हा विचार करायला वेळ नसतो. हँडल आवळू नका. तुमचे ताठ हात त्या लहरीत भर घालतात. गुडघ्यांनी टाकी धरा, छाती पुढे टाकीकडे झुकवा, म्हणजे पुढच्या चाकावर वजन येईल. गॅस हळूहळू कमी करा. पुढचा ब्रेक कचकन दाबू नका. वेग वाढवून यातून बाहेर पडता येतं असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

मराठवाड्यात हा विषय थोडा वेगळा होतो तो आपल्या काळ्या मातीमुळे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. खड्डा नसतो, डांबर गुळगुळीत दिसतं, पण गाडी वर-खाली तरंगत जाते. एकट्या स्वारासाठी बसवलेला शॉकअप अशा लाटेवर एकदा दबतो, सुटतो आणि शांत होतो. तोच शॉकअप दीडपट वजनाखाली एका लाटेतून सावरत असतानाच दुसरी येते. त्यात उघड्या माळावरचा आडवा वारा. बीड-धाराशिवकडच्या डोंगरपठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. ट्रक ओलांडून पुढे येताच तो वारा दोन्ही साइड डिक्क्यांवर एकदम आदळतो. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे धुळे-सोलापूरचा महामार्ग ५२ आणि राज्य रस्ते हेच आपल्या वाट्याला. तिथे गाडी डोलली तर आधी वेग उतरवा, रस्त्याला शिव्या नंतर द्या.

शॉकअपचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडीचं थोडं सांगू द्या. मागच्या शॉकअपला खाचा असतात, हूक-पान्यानं फिरवायच्या. पुष्कळांना वाटतं खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते. होत नाही. स्प्रिंग तीच राहते, ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते, म्हणून गाडी कमी बसते. पण ही उंचीच महत्त्वाची आहे. समजा सामानानं मागचा भाग ३ सेंटिमीटर जास्त बसला. १३५ सेंटिमीटरच्या गाडीला हा सव्वा अंशाचा उतार झाला. तेवढ्यानं पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा कोन पसरतो, हँडल जड आणि सुस्त होतं, वळणावर गाडी बाहेर जाऊ बघते. आणि हेडलाइट सव्वा अंशानं वर जातो. ५० मीटरवर प्रकाशझोत मीटरभर वर चढला. समोरचा ट्रकवाला तुम्हाला डिपर मारमारून थकतो आणि तुम्हाला स्वतःला रस्ता दिसत नाही. तेव्हा सामान बांधून झालं, स्वार आणि डबलसीट दोघं बसले, की मागचा भाग किती बसतो ते पट्टीनं मोजा. शॉकअपच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा. जास्त बसत असेल तर खाच वाढवा. शेवटच्या खाचेवरही गाडी बसतेच आहे, तर शॉकअपला दोष देऊ नका, सामान कमी करा. तेल गळून मेलेल्या शॉकअपला मात्र कितीही खाचा वाढवा, उसळ्या थांबवण्याचं काम त्या खाचा करत नाहीत.

हवेबद्दल थोडक्यात. डबलसीटचा आकडा वेगळा असतो, तो चेनकव्हरवरच्या किंवा मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. सामान म्हणजे डबलसीटच समजा. हवा सकाळी, टायर गार असताना बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी मोजलेला आकडा फसवतो.

लोक ज्याचा सगळ्यात जास्त बाऊ करतात ते म्हणजे डाव्या-उजव्या डिक्कीतलं सारखं वजन. ग्रॅमचा काटा घेऊन बसणारेही पाहिलेत. डावीकडे ५ किलो जास्त झाले, मध्यापासून ४० सेंटिमीटर लांब, आणि सगळं मिळून २८० किलो. गाडी सरळ चालायला किती कलावी लागेल? अर्ध्या अंशाहून जरा जास्त. तुम्हाला कळणारही नाही. एक-दोन किलोंसाठी झोप मोडू नका. तोच वेळ जड वस्तू खाली आणि पुढे आणण्यात घाला. हत्यारं, सुटे भाग, साखळी-कुलूप डिक्कीच्या तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात. कॅमेरा, कागदपत्रं टाकीवरच्या पिशवीत, पण हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती अडत नाही ना ते बघा. जास्तीचं पेट्रोल न्यायचं तर लेग गार्डपाशी, खाली, दोन्हीकडे विभागून, इंजिन-सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, जॅकेट, झोपायची पिशवी, म्हणजे आकारानं मोठं पण हलकं असलेलं. आणि हँडलला काहीही लटकवायचं नाही. मंडईतून येताना भाजीची पिशवी लटकवतो ती सवय घरी ठेवून जा. हँडलसोबत फिरणारं प्रत्येक वजन वॉबलला बोलावतं.

बांधण्याच्या बाबतीत आपला लाडका उपाय म्हणजे जुन्या ट्यूबची पट्टी, नाहीतर हुकवाली रबरी दोरी. दोन्ही ताणतात, आणि तिथेच घोटाळा आहे. गाडी डावीकडे जाते, सामान क्षणभर उशिरा जातं, गाडी परत येते तेव्हा सामान अजून डावीकडेच असतं. लहरीला ताल मिळतो. बकल असलेले न ताणणारे पट्टे वापरा. बॅग धरून हलवली तर अख्खी गाडी हलली पाहिजे, नुसती बॅग हलता कामा नये. पन्नास किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण कपडे दबून बॅग सैल होते. निघण्याआधी पूर्ण सामानासह एकदा कन्नडच्या घाटाला जाऊन या. मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून बघा. आपली गाडी आता कुठे थांबते ते लडाखमध्ये कळून उपयोग नाही.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, भरलेली गाडी साइड स्टँडवर उजवीकडे कशी पडली? प्रश्न चांगला आहे, कारण सगळे डावीकडे पडण्याची काळजी करतात. ताई, मागचा भाग बसला की स्टँड त्या मानानं लांब होतो आणि गाडी नेहमीपेक्षा उभी राहते. त्यात डाव्या बाजूनं वारा आला आणि डिक्कीवर बसला, की ती उजवीकडे जाते. आणि ओल्या काळ्या मातीत स्टँडचा पाय रुतला की डावीकडे. पायाखाली डब्याचं चपटं झाकण ठेवा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मधला स्टँड असेल तर तो लावून मगच सामान चढवा, आणि स्टँडवरच्या भरल्या गाडीवर बसून फोटो काढू नका. आणखी कुणाला काही विचारायचं असेल तर बाहेर या, तुमच्या गाड्यांपाशीच बोलू. मला त्या पांढऱ्या गाडीचं कॅरिअर जवळून बघायचं आहे.