वुडन सरांचं टाचण

समोर शिक्षक मंडळी बरीच दिसताहेत, म्हणून ट्रॉफ्या बाजूला ठेवतो आणि टाचणापासून सुरुवात करतो. आपल्याकडे पाठटाचण म्हणजे साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या रात्री उरकायची वही. जॉन वुडन नावाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकानं मात्र ते रोज, मनापासून लिहिलं.

वुडन मूळचे अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचे. आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे. 1948 साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून रुजू झाले आणि 1975 साली निवृत्त झाले. शेवटच्या 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं, मध्ये सलग 88 सामने विजयी. पहिलं विजेतेपद मात्र 1964चं, म्हणजे सोळाव्या हंगामात! आज इतकी वर्षं कोण थांबेल?

सकाळी सहाय्यकांना घेऊन बसायचं आणि दुपारच्या सरावाचा आराखडा तीन बाय पाच इंचाच्या कार्डावर उतरवायचा. कुठला सराव किती मिनिटं, कुठल्या बास्केटखाली किती चेंडू, सगळं त्यात. दोन तासांच्या सरावाला कधीकधी त्याहून जास्त वेळ तयारीत जाई. सराव संपला की काय जमलं, काय फसलं ते टिपून ठेवायचं. ही टिपणं त्यांनी जपली, त्यामुळे काही वर्षांपूर्वी याच सुमारास काय घेतलं होतं ते काढून बघता येई.

हंगामाच्या पहिल्या दिवशी धडा कसला, तर मोजे घालण्याचा. हसू नका. मोज्याला टाचेशी, करंगळीशी सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की खेळाडू बाहेर. विजेत्या संघातल्या पोरांनाही यातून सुटका नव्हती.

1974-75च्या हंगामात गॅलिमोर आणि थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला येऊन बसले आणि वुडन काय काय बोलतात ते टिपत गेले. 2,326 नोंदी झाल्या. त्यांत शाबासकी 6.9 टक्के, नाराजी 6.6 टक्के, आणि तब्बल पाऊण हिस्सा निव्वळ माहिती: हे असं कर, तिथे उभा राहा. भाषण नाहीच. एवढं नेमकं बोलणं आयत्या वेळी सुचत नाही हो, ते सकाळी कार्डावर लिहिलेलं असतं.

खासगी कागदही आहेत. पत्नी नेली 1985च्या मार्चमध्ये 21 तारखेला गेल्या. पुढे दर महिन्याच्या 21 तारखेला वुडन त्यांना पत्र लिहीत. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. ती पत्रं आपल्यासाठी नव्हती.

आता थोडं अडचणीचं. 1981 साली एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेनं यूसीएलएवर कारवाई केली आणि खेळाडूंना सवलती पुरवणाऱ्या एका धनिक चाहत्याशी संबंध तोडायला लावले. हे गृहस्थ वुडन यांच्या काळापासून खेळाडूंच्या अवतीभवती होते. वुडन यांच्यावर ठपका आला नाही. त्यांना किती ठाऊक होतं, हा वाद मात्र मिटलेला नाही. सरावाची कार्डं याचं उत्तर देणार नाहीत. पण कुठल्या बास्केटखाली किती चेंडू आहेत हे ठाऊक असलेल्या माणसाला आपली पोरं संध्याकाळी कुणाकडे जातात याचा पत्ताच नव्हता, हे पटायला मला तरी जड जातं.